कुत्रा निवडण्याआधी घरचा मंगळवार सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात तुम्ही दोघं नोकरी करणारे, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई. फोटोत पाहिलेला आठ महिन्यांचा एक नर तुम्हाला आवडला, मुलीने त्याचं नावसुद्धा ठरवून टाकलं. शेल्टरच्या लोकांनी अर्ज वाचला, घरी येऊन गेले आणि तो कुत्रा द्यायला नकार दिला. त्याऐवजी पाच वर्षांची एक शांत कुत्री सुचवली. तुम्ही विचारलंय, ‘आम्ही जीव लावू, खर्च करू, घर ऐसपैस आहे, मग आमचं घर योग्य का नाही? आणि एवढ्या मोठ्या वयाची कुत्री आमची होईल का?’

रेस्क्यू केलेल्या कुत्र्यांना घरं शोधून देण्याचं काम मी अठरा वर्षं करतेय. तुमचा अर्ज माझ्यासमोर आला असता तर मीही हेच सांगितलं असतं. पण एक लक्षात घ्या, त्यांनी त्याच भेटीत तुम्हाला दुसरी कुत्री देऊ केलीय. घर पसंत नसतं तर असं कुणी केलं नसतं.

घर बघायला जाते तेव्हा खोल्या किती, अंगण आहे का, हे मी विचारते, पण त्यावर फारसं ठरत नाही. मी म्हणते, ‘मागच्या मंगळवारी काय काय झालं ते उठल्यापासून सांगा.’ रविवार नको, सुट्टीचा दिवस नको. साधा मंगळवार. कोण किती वाजता उठलं, घर किती तास रिकामं होतं, दार किती वेळा उघडलं, मुलीच्या मैत्रिणी आल्या का, संध्याकाळी कोण दमून आलं आणि कोणाच्या अंगात बाहेर पडायची ताकद उरली होती. कुत्र्याला तुमचा मंगळवारच मिळणार असतो, आठवड्यातून चार-पाच वेळा, पुढची दहा-बारा वर्षं.

राणी नावाची एक कुत्री होती माझ्याकडे, साधारण चार वर्षांची. दोन घरांतून परत आली. दोन्ही घरं प्रेमळ होती, पैसेवाली होती, एकाला तर मोठं अंगण होतं. दोन्हीकडे ती दिवसभर एकटी राहायची आणि दाराची चौकट कुरतडून तोंड रक्तबंबाळ करून घ्यायची. तिसरं घर मिळालं ते दोन खोल्यांचं, एकट्या माणसाचं, घरी बसून काम करणाऱ्याचं. पहिल्या दोन घरांनी महिनोन्‌महिने उपाय केले होते. तिसऱ्याने खास काही केलंच नाही, तो फक्त दिवसभर तिथे असायचा. राणी त्याच्या खुर्चीखाली नऊ वर्षं झोपली.

आता तुमच्या आठ महिन्यांच्या पोराकडे वळू. फोटोत तो गोड दिसतो यात शंका नाही. पण आठ महिने म्हणजे कुत्र्याची ऐन वयात येण्याची वेळ. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अंधांना वाट दाखवणारे मार्गदर्शक कुत्रे म्हणून वाढवल्या जाणाऱ्या पिल्लांची आज्ञापालनाची चाचणी पाच महिन्यांचं असताना आणि पुन्हा आठ महिन्यांचं असताना घेतली होती. पाचव्या महिन्यात सांभाळणाऱ्याने ‘बस’ म्हटल्यावर बसणारी पिल्लं आठव्या महिन्यात त्याच माणसाचं कमी ऐकत होती. गंमत म्हणजे परक्या माणसाचं मात्र त्यांनी ऐकणं सोडलं नव्हतं. हे वय सरतं, पण ते सरेपर्यंत घरच्या माणसांचीच परीक्षा बघतं. त्या काळात त्याला रोज दोनदा तरी भरपूर चालणं, हुंगायला मोकळीक, चावायला काहीतरी आणि शांत बसायला शिकवणारं कुणीतरी लागतं. तुमच्या मंगळवारी सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा घरात फक्त सासूबाई आहेत. म्हणजे ही सगळी ऊर्जा त्यांच्या वाट्याला येणार.

असा एक निर्णय मी चुकवलाय, म्हणून हे इतकं ठामपणे सांगतेय. एका ज्येष्ठ जोडप्याचा कुत्रा वारला होता, घर सुनं झालं होतं. त्यांचे डोळे बघून मी त्यांना दहा महिन्यांचा तगडा नर दिला. तिसऱ्या आठवड्यात जिन्यावर त्याने मांजर पाहिलं आणि झेप घेतली. साखळी काकूंच्या हाताला गुंडाळलेली होती. मनगट मोडलं. कुत्रा परत आला आणि वर ‘माणसाला पाडतो’ असा शिक्का घेऊन आला, जो पुसायला मला सात महिने लागले. काकूंनी त्यानंतर कुत्रा पाळलाच नाही. त्या कुत्र्यात काही खोट नव्हती आणि त्या जोडप्यातही नव्हती.

शेल्टरमध्ये कुत्रा कसा वागतो यावरून तो घरी कसा वागेल हे पुरतं कळत नाही, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. सतत भुंकण्याचा आवाज, अनोळखी वास, अर्धवट झोप. कुणी कोपऱ्यात आक्रसून बसतो, कुणी जाळीवर धडका देतो. २०१६ साली पॅट्रोनेक आणि ब्रॅडली यांनी शेल्टरमधल्या स्वभाव-चाचण्यांचं गणित मांडून दाखवलं की एखादा कुत्रा आक्रमक आहे असा चाचणीचा निष्कर्ष नाणं उडवण्यापेक्षा फारसा भरवशाचा नसतो. २०१९ साली अमेरिकेतल्या पाच शेल्टरमधल्या २०७ कुत्र्यांवर झालेला दुसरा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्या कुत्र्यांना फक्त एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी झोपायला नेलं होतं. तेवढ्यानेच ताणाशी निगडित कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी झालं आणि त्यांना सलग, लांब विश्रांती मिळाली. शेल्टरमध्ये परतल्यावर कॉर्टिसॉल पुन्हा पहिल्या पातळीवर आलं. म्हणजे आपण जाळीपलीकडून जो कुत्रा बघतो तो दमलेला, झोप न झालेला, बिथरलेला असतो. म्हणून ज्या कुत्र्याने काही दिवस फॉस्टरच्या, म्हणजे त्याला तात्पुरतं आपल्या घरी सांभाळणाऱ्या बाईच्या, घरी काढलेत त्याच्याबद्दल त्या फॉस्टरशी बोलायचं. तिचा एक फोन दहा चाचण्यांपेक्षा जास्त सांगतो.

जातीचंही तसंच. रेस्क्यूमधल्या बहुतेक कुत्र्यांचे आईबाप कुणी पाहिलेले नसतात, आणि कान-नाक बघून लावलेली जात पुष्कळदा चुकते. जात खरी असली तरी ती किती सांगते? २०२२ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार कुत्र्याकुत्र्यांतल्या वागणुकीच्या फरकापैकी सुमारे ९ टक्केच जातीने स्पष्ट होतो. तेव्हा ‘अमुक जातीचा आहे, म्हणजे मुलांशी चांगला’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढचा प्रश्न विचारा: त्याला मुलांबरोबर प्रत्यक्ष कुणी पाहिलंय का? किती वयाच्या मुलांबरोबर? मुलं पळत, किंचाळत होती की बसून होती? ‘मुलांशी चांगला’ हे वाक्य मी स्वतः कागदावर लिहिणं सोडलंय. मी लिहिते, ‘फॉस्टरच्या घरी अकरा वर्षांचा मुलगा होता, पाच आठवडे, कुत्रा त्याच्या पलंगाजवळ झोपायचा, तो धावला की मात्र उठून दुसऱ्या खोलीत जायचा.’ यातून आईबापांना काहीतरी कळतं.

तुम्हाला सुचवलेल्या कुत्रीबद्दल असंच खोदून विचारा. एकटी सोडली तर किती वेळ आणि काय करते. जेवताना जवळ गेलं तर थबकते का, घाईने गिळायला लागते का. झोपेतून उठवलं तर दचकते का. पाहुणा आला की पुढे येते की मागे जाते. जिना, गाडी, आंघोळ, नखं कापणं. आधी कुणाच्या घरी होती आणि तिथून का आली. शेवटच्या प्रश्नावर उत्तर टाळलं जात असेल तर तो पुन्हा विचारा, राग मानू नका आणि मागेही हटू नका. चांगली संस्था वाईट गोष्टही सांगते, कारण कुत्रा परत येणं तिला नको असतं.

पाच वर्षांची कुत्री तुमची होईल का, हे तुम्ही बिचकत विचारलंय. होईल. कुत्र्याचा जीव जडायला पिल्लूपण लागत नाही. पिल्लाबद्दल आपण अंदाज बांधतो, पाच वर्षांची कुत्री जशी असते तशी समोर असते: तिचा आकार ठरलेला, ताकद ठरलेली, स्वभाव बराचसा दिसलेला. सासूबाईंसोबत दिवसभर घरात पडून राहायला तिला आवडत असेल तर तुमचा मंगळवार तिच्यासाठी सोन्यासारखा आहे. ‘पाच वर्षं’ हा आकडा मात्र थोडा ढिला धरा. दातांवरून वय नेमकं कळतं ते साधारण सात महिन्यांपर्यंत, कारण तोवर दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ आलेले असतात. पुढे दातांची झीज, कीटण, डोळ्यांतला धूसरपणा यांवरून अंदाजच असतो. ती चारची असेल, सातचीही असेल.

मुलीबद्दल आता जरा सविस्तर बोलते, कारण माझी सगळ्यात जास्त काळजी तिथे आहे. लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा रस्त्यावरचा अनोळखी नसतो, घरातला किंवा ओळखीचा असतो, आणि प्रसंग अगदी साधा असतो: कुत्रा झोपलेला होता, मुलीने मिठी मारली. आपल्याला मिठी म्हणजे माया वाटते. पुष्कळ कुत्र्यांना गळ्याभोवतीचे हात म्हणजे अडकल्यासारखं वाटतं. ते आधी सांगतात, फक्त आपण वाचत नाही. झोप नसताना जांभई. खाणं समोर नसताना ओठांवरून फिरलेली जीभ. तोंड वळवणं, पण डोळे तुमच्याकडेच, त्यांच्या कडेला पांढरं दिसेल असे. अंग ताठ, तोंड मिटलेलं, शेपूट थांबलेली. यानंतर गुरगुरणं येतं. गुरगुरण्यावर कुत्र्याला कधीही ओरडू नका, मारू तर मुळीच नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे. ती दिल्यावर मार मिळतो हे तो शिकला की पुढच्या वेळी सूचना न देता चावेल, आणि मग सगळे म्हणतील, ‘काही कारण नसताना चावला.’

मुलीला तीनच गोष्टी शिकवा. कुत्री झोपली किंवा खात असेल तर तिच्याकडे जायचं नाही. तिच्या अंथरुणाची जागा तिची, तिथे आपण नाही जायचं. आणि लाड करायचे तर आपण खाली बसून बोलवायचं. आली तर छातीवर, मानेच्या बाजूला तीन सेकंद खाजवायचं, मग हात काढून थांबायचं. पुढे सरकून नाक लावलं तर आणखी, नाहीतर तिला जाऊ द्यायचं. नऊ वर्षांच्या मुलीला हे उत्तम जमतं. थोड्या दिवसांनी मोठ्यांनी चूक केली की तीच टोकते. पहिले काही महिने मात्र दोघींना मोठं माणूस नसताना एका खोलीत सोडू नका. सासूबाई बाजूच्या खोलीत असणं म्हणजे लक्ष असणं नव्हे.

प्रत्यक्ष भेटायला जाल तेव्हा सगळे जा, सासूबाईसुद्धा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की माणसं शेल्टरमधल्या कुत्र्यासोबत सरासरी आठ मिनिटं घालवतात आणि तेवढ्यावर होय-नाही ठरवतात. जो कुत्रा त्या वेळात शेजारी येऊन लवंडतो आणि खेळायला बोलावलं तर खेळतो, तो घरी जातो. जो त्या वेळी घाबरलेला असतो तो मागे राहतो. तुम्ही आठ मिनिटांवर थांबू नका. दोन वेगळ्या दिवशी जा, बाहेर अर्धा तास एकत्र चाला, साखळी थोडा वेळ सासूबाईंच्या हातात द्या आणि त्यांचा चेहरा बघा. त्यांचं मन नसेल तर कुत्रा आणू नका. दिवसाचे नऊ तास तिच्यासोबत त्या असणार आहेत, त्यामुळे या घरात पहिलं मत त्यांचं.

घरी आणायचा दिवस ठरला की पाहुणे, आंघोळ, नवीन कपडे, फोटो, सगळं पुढे ढकला. रेस्क्यू कुत्रे हरवतात ते बहुधा पहिल्या काही दिवसांत, उघड्या दारातून किंवा गळपट्ट्यातून डोकं मागे ओढून. म्हणून पहिले काही आठवडे गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही, आणि साखळी दोन्हींना जोडलेली. तिला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखालची ओळखीची चिप, बसवलेली असेल तर तिचा पंधरा अंकी क्रमांक तुमच्या नावावर आणि तुमच्या फोन नंबरवर नोंदवून घ्या. चिप असते पण नोंद शेल्टरची किंवा जुन्या मालकाची राहून जाते, हे मी कितीदा पाहिलंय. गळ्यात फोन नंबरचा बिल्लाही हवाच, कारण चिप वाचायचं यंत्र सापडणाऱ्याकडे नसतं.

पहिले दोन-तीन दिवस ती खूप झोपेल किंवा अजिबात झोपणार नाही, एखादा दिवस जेवणार नाही, पोट बिघडेल. शेल्टरमधलंच खाणं चालू ठेवा आणि बदलायचं तर आठवडा-दहा दिवसांत हळूहळू बदला. मोठी असली तरी घरात एक-दोनदा शू होईल. नव्या घरात बाहेर जायचं दार कुठलं हे तिला कुठे माहीत? दर तीन-चार तासांनी बाहेर न्या, बाहेर केलं की तिथेच, त्या क्षणी बक्षीस द्या. तीन दिवस सावरायला, तीन आठवडे दिनक्रम कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला, असा एक ठोकताळा आमच्यात सांगतात. ठोकताळा म्हणून ठीक आहे, काही कुत्र्यांना वर्ष लागतं. तिसऱ्या आठवड्यात एखादी नवी सवय वर आली, दारावर भुंकणं म्हणा, तर ‘फसवलं आपल्याला’ असं समजू नका. तोवर ती गप्प होती कारण घाबरलेली होती.

एक चूक जवळजवळ प्रत्येक प्रेमळ घर करतं. आठवडाभर रजा काढतात, चोवीस तास कुत्र्याजवळ बसतात आणि आठव्या दिवशी सगळे एकदम बाहेर पडतात. तिच्या दृष्टीने सगळं जग एका सकाळीच नाहीसं होतं. रजा काढा, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच कचरा टाकायला म्हणून दोन मिनिटं बाहेर जा, मग पाच, मग पंधरा. तुमच्याकडे सासूबाई असल्या तरी हे करा, कारण एखाद्या दिवशी त्यांनाही डॉक्टरांकडे जायचं असेल. घरात जुना फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा. एकटेपणाची भीती असलेला कुत्रा बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच सांगतो: धापा टाकतो, लाळ गळते, दाराशी फेऱ्या मारतो, रडतो. असं दिसलं तर वेळ कमी करा आणि लवकर मदत मागा. याची शिक्षा करून काही होत नाही, भीती वाढते.

डॉक्टरांकडे पहिल्या आठवड्यात जाऊन या. लसींची नोंद आणि नसबंदीचा कागद सोबत न्या. जंत, गोचीड, त्वचा हे तपासतीलच. तुम्ही राहता तिथे गोचीडताप किंवा हृदयातले जंत आढळत असतील तर रक्ततपासणीबद्दल आवर्जून विचारा, आणि हृदयातल्या जंतांची तपासणी आत्ता निगेटिव्ह आली तरी सहा-सात महिन्यांनी पुन्हा करा, कारण संसर्ग नवा असेल तर ती लगेच पॉझिटिव्ह येत नाही. आणि सासूबाईंच्या गोळ्या. गुडघ्यासाठी त्या आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घेत असतील तर त्या गोळ्या बंद कपाटात ठेवा. पलंगावरून पडलेली गोळी कुत्रा चाटून जातो, आणि आपली वेदनाशामकं कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. कुत्री लंगडते म्हणून प्रेमाने अर्धी गोळी देणंही तितकंच घातक. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेला च्युइंगम हेही कुत्र्यांना विषारी असतं, हे मुलीला सांगून ठेवा.

आणि जमलं नाहीच तर? हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. करारात ‘कुत्रा परत करायचा झाल्यास आम्हालाच करावा’ असं कलम असेल तर ती चांगल्या संस्थेची खूण आहे. अडचण आली की दुसऱ्या आठवड्यातच फोन करा, दुसऱ्या वर्षी नको. दोन आठवड्यांच्या अडचणीला उपाय असतात. दोन वर्षं दाबून ठेवलेली अडचण माझ्याकडे येते तेव्हा कुत्राही थकलेला असतो आणि घरही. ओढणं, भुंकणं, घरात शू करणं यांवर काम करता येतं, थांबा. पण मुलगी त्या कुत्रीला घाबरून आपल्या खोलीत कोंडून घेत असेल, किंवा कुत्री तिला बघून ताठ होत असेल, तर थांबू नका. परत करणाऱ्या माणसाला मी कधी बोल लावत नाही. गुपचूप कुणाला तरी देऊन टाकणाऱ्याला लावते, कारण मग त्या कुत्र्याचा माग मला काढता येत नाही.

मुलीची समजूत घालायची राहिली. त्या पोराचं नाव तिने ठेवलंय, ते शेल्टरला कळवा. त्याच्या कागदावर ते लिहायला कुणाची हरकत नसेल, आणि त्याला घर मिळालं की फोटो पाठवा अशी विनंती करता येईल. मग त्याच फोनवर कुत्रीबद्दल विचारा: सह्या करण्याआधी दोन रात्री तिला घरी नेता येईल का? नेता आलं तर शनिवार-रविवार मागू नका. सोमवारी संध्याकाळी आणा आणि बुधवारी सकाळी तिच्याकडे बघून ठरवा.